आखूड सायलेन्सर

अण्णा,

फटफटीचा तो सायलेन्सर मीच निवडला, हे तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही ते मानलं नाहीत. शेवटपर्यंत धाकट्या भावालाच बोल लावलात, जणू माहेरी परत आलेल्या विधवा मुलीला स्वतःची अशी काही निवड असूच शकत नाही.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी कुंकू पुसून मी अंधेरीला तुमच्याकडे आले. वर्सोव्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत, पण होही म्हणाला नाहीत. शाळा सकाळची, त्या वेळेला धड बस नाही, म्हणून धाकटा कारखान्यात जाण्याआधी मला फटफटीवरून सोडू लागला. लढाईनंतर लष्कराने विकून टाकलेली जुनी गाडी ती. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तुम्ही म्हणालात, "नाक्यापर्यंत चालत जा, तिथे गाडीवर बस. येतानाही तिथेच उतर. चाळीसमोर गाडीवर चढताना दिसायला नकोस." आईचं लाटणं थांबलं. मी मान हलवली. वर्षभर मी नाक्यापर्यंत चालत गेले, अण्णा, आणि धाकटा इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत मागून यायचा, जणू आम्ही भावंडं कुणाचं काही चोरून नेतोय.

मग जुना सायलेन्सर गंजून तळातून फुटला. मूळच्यासारखा आता कुठे मिळणार? रविवारी मी धाकट्याबरोबर मिस्त्रीकडे गेले. त्याने दोन सायलेन्सर पुढ्यात ठेवले. एक लांब, जाड, आत जाळ्या असलेला. दुसरा आखूड, जवळजवळ पोकळच. दोन्ही आळीपाळीने बसवून त्याने गाडी चालू करून दाखवली. लांब सायलेन्सरने ती नुसती घुरघुरली. आखूड लावला तेव्हा शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर येऊन बघू लागली. नळी उजव्या अंगाला, माझे पाय डावीकडे, म्हणजे नेसलेलं पातळ जळायची भीती दोन्हीत नव्हती.

"लांब घेतलात तर गाडी गप राहील," मिस्त्री मला म्हणाला, "पण तो खाली लोंबतो, वर्सोव्याच्या खड्ड्यांत आपटणार. आखूड आपटायचा नाही. फक्त अख्ख्या अंधेरीला कळेल."

"ताई, लांबच घेऊ ना," धाकटा म्हणाला. "अण्णा घरात घ्यायचे नाहीत."

"आखूड बसवा," मी म्हटलं. खड्ड्यांचं कारण खरं होतं, पण ते माझं कारण नव्हतं.

सोमवारी मी चाळीच्या पायऱ्यांसमोरच गाडीवर बसले. संध्याकाळी तुम्ही कचेरीतून आलात ते टोपीही न काढता माझ्यासमोर उभे राहिलात.

"गाडी बिघडली आहे?"

"नाही. नवा सायलेन्सर आहे."

"धाकट्याला काही अक्कल?"

"मी निवडला, अण्णा."

"विधवा बाईनं कसं राहावं, हे आता तुला शिकवायला हवं?" तुमचा आवाज चढला.

"हळू बोला. चाळीत ऐकू जाईल."

त्यानंतर कितीतरी महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आई दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी फिरायची. मी जात राहिले. गाडीचा आवाज आला की कोळ्यांची मुलं वाळत घातलेल्या बोंबलांखालून धावत येऊन वर्गात बसायची. त्यातल्या दोघी पुढे माझ्याच शाळेत शिक्षिका झाल्या, आणि तोवर मी मुख्याध्यापिका होते. तुम्ही ते पाहिलंत आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. मीही माफी मागितली नाही. आजही मागत नाही. पुन्हा त्या दुकानात उभी राहिले तर पुन्हा आखूडच उचलेन.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तो आवाज मला अजिबात सोसत नव्हता. त्या पहिल्या आठवड्यापासून मी डोक्यावरून पदर घेऊन गाडीवर बसू लागले. तुम्हाला खिडकीतून बघून वाटलं असेल, निदान एवढी लाज हिला उरली आहे. पदराखाली माझ्या दोन्ही कानांत कापूस असायचा.