वाम संपली नव्हती

तात्या, वाम आहे. बाकीचं सगळं मागाहून सांगते, पण हे आधी ऐका. भीमेत वाम आहे, जिवंत आहे, आणि तुम्ही ती संपवलेली नाही. गेल्या आठवड्यात मी ती मासळी ह्या हातांनी धरली. धरली म्हणजे धरायला गेले आणि निसटली, होडीच्या तळाशी वळवळत राहिली, पाठीवरचा काटा माझ्या अंगठ्यात घुसला, आणि पन्नाशी ओलांडलेली, बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी तुमची लेक होडीत उभी राहून ओरडत होती. आपला धाकटा म्हणत होता, आक्का, बस की खाली, होडी उलटंल. पण माझं बूड काही टेकेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनात पहिलं आलं ते हेच, की तात्यांना सांगायला पाहिजे.

माझा बारावीचा निकाल लागला तो दिवस तुम्ही शेवटपर्यंत विसरला नाहीत. मी इंदापूरहून एसटीनं गुण घेऊन आले तर तुम्ही दारात उभे, आणि हातात मनगटाएवढी जाड वाम. पोरगी शिकायला बारामतीला जायच्या आधी तिला वाम खाऊ घालायची, असं तुम्ही कधीचं ठरवून ठेवलं होतं. आई चुलीतली राख हाताला फासते आहे, कारण राखेशिवाय ती बुळबुळीत मासळी हातात ठरत नाही. विळीवर पोट उघडते आणि थांबते. आत अंडीच अंडी. मी निकालाच्या आनंदात मिटक्या मारत जेवले, तुम्ही मात्र ताटावरून तसेच उठलात. त्यानंतर तुमचे गळ रिकामे यायला लागले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि मग तुम्ही गळाची दोरी कायमची गुंडाळून टाकलीत आणि सगळ्यांसारखं चिलापीचं जाळं घेतलंत. कुणी विचारलं की एवढंच म्हणायचात, "शेवटची पोटुशी म्याच मारली. नदीचं बियाणं म्याच खाल्लं."

कॉलेजात दोन बुकं वाचून झाल्यावर मी तुम्हाला शहाणपण शिकवायला गेले होते. एका माणसानं एक मासळी मारून जात संपत नसते, धरणानं वाहतं पाणी थांबवलं, वरून घाण पाणी येतं, बाहेरून मत्स्यबीज आणून सोडतात, असं बरंच काही ऐकवलं. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "तुज्या बुकाला ही नदी ठावं न्हाय. गप जेव." मला वाईट वाटलं ते बोलणी खाल्ल्याचं नव्हे. ती वाम माझ्यासाठी मारली होती, म्हणजे तुमच्या हिशेबानं पाप तुमचं आणि जेवण माझं. पुस्तक काहीही म्हणो, मनाच्या एका कोपऱ्यात मीही तुमच्यावर विश्वास ठेवला होता.

बहुतेक म्हणूनच मी हेच काम धरलं. दर हंगामात कॉलेजच्या पोरांना घेऊन नीरा आणि भीमा पालथी घालायची, बावडा गावापर्यंत जायचं, इंदापूरच्या बाजारात सकाळी सकाळी ढिगाऱ्यांपुढे उकिडवं बसायचं आणि कुठली मासळी किती येते ते बघायचं. लोक मला मासेवाल्या बाई म्हणतात आणि मला ते आवडतं. माझ्या लहानपणी आईच्या बाजाराच्या पाटीत मरळ असायची, मिशांचा शिंगाडा मासा असायचा, वाम असायची, आणि ज्यांची नावं फक्त आईलाच ठाऊक अशा चंदेरी बारक्या मासळीचा वाटा असायचा. धरणाचं पाणी साठलं तशी वाहत्या पाण्यावर जगणारी मासळी कमी झाली. मग बीज सोडलं म्हणून कटला आणि रोहू वाढले. मग चिलापी आली, पाहुणी म्हणून आली आणि घरची मालकीण होऊन बसली. आता बाजारात बघाल तर निम्म्याहून जास्त ढीग तिचेच. आणि वाम कुठं विचारलं की जो तो हात झटकणार. मी वर्गात दरवर्षी छाती ठोकून सांगत आले, की आपल्याकडून वाम गेली.

गेल्या आठवड्यात घरी गेले होते. धाकटा अंगणात जाळी दुरुस्त करत बसला होता आणि मी चहा पीत नुसती बघत होते. सगळ्या जाळ्यांची भोकं एका मापाची, चिलापीच्या मापाची. सहज विचारलं, की रे, आपल्या काठाला शेवटचा गळ कुणी टाकला असेल? तो हसायला लागला.

"तात्यांनी सोडलं तवापासनं कुणीच न्हाय. चिलापीला गळ कशाला लागतोय?"

तात्या, माझ्या हातातला चहा तिथंच राहिला. वाम ही गळाची मासळी. सडपातळ अंगाची, जाळ्याच्या भोकातून सुळकन निघून जाणारी. राहणार दगडांच्या सांदीत, आणि दगडात जाळं फाटतं म्हणून तिथं कुणी जाळं टाकत नाही. अख्ख्या काठानं चिलापीच्या नादानं गळ सोडला, आणि जाळ्यात येईना म्हणून वाम संपली असं ठरवून टाकलं. आम्ही शिकलेले तर त्याहून हुशार. त्याच जाळ्यांतून निघालेली मासळी मोजून नदीत काय उरलं ते सांगत बसलो. मग तुमचे गळ का रिकामे आले? तेही धाकट्यानंच सांगितलं. पाणी चढत गेलं तसे तुम्ही काठाकाठानं, नव्या चिखलात गळ टाकत होता. वाम तिथं कशाला येईल? ती खाली, बुडालेल्या जुन्या गावांच्या भिंतींत आणि विहिरींच्या दगडांत होती.

मी त्याला बसू दिलं नाही. बाजारातून गळ आणले, उकिरड्यातली गांडुळं काढली, आणि दिवस मावळायच्या आत त्या बुडालेल्या दगडांवर गळांची लांब दोरी सोडली. उजाडताच उचलायला गेलो. पहिले गळ रिकामे. धाकट्याचं तोंड उतरलं होतं. मग एक शिंगाडा. आणि मग दोरी जड झाली, पाणी ढवळलं, आणि वर आली ती वाम, टोकदार नाक, अंगावर ठिपके, रागानं पिळे मारणारी. तिच्यामागून आणखी एक. आणि शेवटच्या गळाला वीतभर लांबीचं पोर. त्या पोरानं मला वेड लावलं. पोर आहे म्हणजे तिथं अंडी घातली जातात, म्हणजे संसार चालू आहे, तुमच्या माघारीही आणि त्या निकालाच्या दिवसानंतरही. पोराला आणि एकीला परत सोडलं. एक तेवढी आईला दाखवायला आणली.

आईला आता नीट दिसत नाही. घरात गॅस आला, त्यामुळं राख शेजारच्या चुलीतून आणावी लागली. तिनं हाताला राख लावून मासळीच्या पाठीवरून सावकाश बोटं फिरवली, काटे चाचपले आणि म्हणाली वामच हाय.

"आन् हे माणूस मरस्तोवर सोताला पापी म्हनत बसलं."

मग ती रडली, आणि तिच्याबरोबर मीही. दुपारपर्यंत आम्ही दोघी तुम्हाला नावं ठेवत हसतही होतो.

उगाच गोड बोलत नाही, सगळी मासळी परत आलेली नाही. आईच्या वाट्यातली ती चंदेरी मासळी कुठल्याच जाळ्याला लागत नाही, आणि काही जाती खरंच गेल्या असतील. पण आता जिथं जिथं मी 'नाही' म्हटलं ते सगळं पुन्हा बघायचं आहे, बारीक जाळ्यानं, गळानं, हातानं. कॉलेजची पोरं तर आत्ताच होडीत बसायला निघाली आहेत. मला रात्री झोप लागत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही.

एक मात्र कबूल करते. ते दगड नेमके कुठं आहेत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. विद्यार्थ्यांना नाही, बाजारात नाही, धाकट्याला तर आईची शपथ घातली आहे. हे पत्र कुठं जाणार नाही, कुणी वाचणार नाही, तरी जागा इथंही लिहिलेली नाही. कारण तात्या, तुमचा भरवसा नाही. डोक्यावरचं पाप उतरलं म्हटल्यावर तुम्ही आज संध्याकाळीच गळ घेऊन निघाल.