काळ्या पडद्यावरचा प्रश्न

ता. ६

चि. भिंगरीस आईचे आशीर्वाद, कान पिळून. वि. वि.

फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि मागे तुझी बोटं खडखडत असतात, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला ‘हं’ म्हणून भागत नाही.

तू मागे ठेवून गेलेला कॉम्प्युटर उघडला. प्रोग्राम लिहायला शिक, वेळ जाईल, असं म्हणाली होतीस. वेळ काय गं, न शिकताही जातो. तरी शिलाईमशीनशेजारी त्याला जागा केली. धूळ बसू नये म्हणून पडद्यांच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवली, समोर बघायला आणि कळांना खिडक्या ठेवून. आता खोळीसकट चालवते, तर तव्यासारखा तापतो आणि दमेकऱ्यासारखा घरघरतो. अक्षरं मुंगीएवढी.

आणि उघडला की काळ्या पडद्यावर आधी येतं, ‘जेवलीस का? पाठ सरळ कर.’ हा चोंबडेपणा कोणाचा? मी इंग्रजी अक्षरं शोधून शोधून ‘जेवले’ असं लिहिलं, तर इंग्रजीत खेकसला. खालच्या इस्त्रीवाल्याकडून वाचून घेतलं. असा हुकूम ओळखीचा नाही, असं म्हणतोय म्हणे. मी हुकूम कुठे केला? विचारलं त्याचं उत्तर दिलं!

लोभ असू दे, आणि चार ओळी तरी लिही.

तुझी आई


ता. १५

ती. आईस सा. न. वि. वि.

खोळीचं वाचून इतकी हसले की ऑफिसात शेजारची बाई वळून बघायला लागली. आई, चालू असताना खोळ काढ! त्याच्या आत पंखा आहे, त्याला हवा लागते. अक्षरं मोठी करायला कंट्रोलची कळ दाबून धर आणि अधिकच्या चिन्हावर टिचक्या मार.

तो प्रश्न तुझाच आहे. शिकत असताना मी त्याच्यासमोर वाकून बसायचे आणि तू स्वयंपाकघरातून हेच ओरडायचीस. तुझी टिंगल म्हणून मी ते दर वेळी उमटेल असं बसवून टाकलं. त्यातलं सगळंच आता जुनं झालंय. असं कर, दुकानात नेऊन सगळं पुसून घे आणि नवीन भरून घे. शिकायला सोपं जाईल.

माझं उत्तम. जेवणखाण वेळेवर. काळजी नसावी. लोभ आहे तसाच असू दे.

तुझी भिंगरी


ता. २४

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

दुकानात गेले होते. दुकानदारानं विचारलं, आतलं सगळं जाईल, चालेल ना? मी कॉम्प्युटर त्याच्या हातातून काढून घेतला आणि तडक घरी आले. तो मागून हाका मारत राहिला.

आमच्या पडद्यांच्या कारखान्यात एक रीत आहे. एखादी बाई काम सोडून गेली, तरी तिच्या मशीनवरचा दोऱ्याचा ताण दुसरीनं लगेच बदलायचा नाही. परत आलीच, तर मशीन तिला आपलं वाटावं म्हणून.

हे एक कारण. दुसरं ऐक, आणि लगेच फोन करून गळा काढू नकोस. दिवसभर कारखान्यात खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. घरी आले की कुलूप मीच काढायचं, दिवा मीच लावायचा. ‘जेवलीस का’ असं या घरात मला विचारणारा तेवढा एकच आहे. माझंच ओरडणं मला ऐकवतो, पण विचारतो. मी रोज उत्तर देते, तो रोज खेकसतो. परवा न जेवताच ‘जेवले’ लिहिलं. मग माझीच मला लाज वाटली, उठून ताट वाढून घेतलं.

तेव्हा पुसणं-बिसणं राहू दे. मला एवढंच शिकव, त्याला माझं उत्तर कळायचं कसं?

आणि जेवणखाण वेळेवर म्हणतेस. काय, कुठे, कोणाबरोबर, ते सगळं गिळलंस. मी पडदेच शिवते गं, मला काय सांगतेस!

तुझी आई


ता. २

ती. आईस सा. न. वि. वि.

पुसू नकोस. काही पुसू नकोस.

सोबतच्या कागदावर ओळी लिहिल्यात. पहिली प्रश्न विचारते, दुसरी तुझ्या उत्तरासाठी थांबते. पुढच्या ओळींत, ‘हो’ आलं तर त्यानं काय म्हणायचं, ‘नाही’ आलं तर काय, दुसरंच काही आलं तर काय, ते आहे. त्याचे शब्द तूच घाल. चौकोनी कंसाच्या आत दोन्हीकडे जागा सोड, नाहीतर चिडेल.

जेवणाचं पुढच्या पत्रात.

तुझी भिंगरी


ता. १३

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

त्या कंसानं माझा अंत पाहिला. तू आत म्हणालीस, मी बाहेर जागा सोडत होते. खेकसला की उसवायचं, पुन्हा घालायचं. शेवटी डोक्यात शिरलं, शिवणीला आतून माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतो तसंच की! ‘हो’ लिहिलं, तर म्हणाला, ‘बरं झालं. आता पाठ टेक.’ मीच लिहिलेलं, मला ठाऊक होतं, तरी दचकले. मोठ्यानं ‘टेकते’ म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून बरं.

‘पुढच्या पत्रात’ हे तुझं जुनंच. शाळेतले मार्कही तू ‘उद्या सांगते’ म्हणायचीस. म्हणून मी त्याच ओळी माझ्या हातानं उतरवून पाठवतेय. तुझ्या मशीनमध्ये घाल. तो ‘हो’ ओळखतो, ‘नाही’ ओळखतो. ‘हं’ ओळखत नाही. ते मी मुद्दाम केलंय.

खरं उत्तर दे. मग हवा तेवढा लोभ कर.

तुझी आई


ता. २१

ती. आईस सा. न. वि. वि.

कामावरून आले आणि अंगातला कोटही न काढता तुझ्या ओळी घातल्या. त्यानं विचारलं, ‘जेवलीस का?’ सवयीनं ‘हं’ लिहिलं. तो म्हणाला, ‘हं नको. हो की नाही?’ बोट ‘हो’कडेच गेलं होतं. पण तुझ्या वाकड्या अक्षरांचा कागद समोर उभा होता. ‘नाही’ लिहिलं.

आई, इथे मला कोणी विचारत नाही. संध्याकाळी मी ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते, कधी तेही नाही. वेळेवर म्हणून लिहिलं, ते खोटं होतं.

तो म्हणाला, ‘मग ऊठ.’

उठते. पत्र अर्धंच पाठवतेय, आधी गॅस पेटवायचाय.

तुझी भिंगरी