‘डेली यूज’चा लॅपटॉप

पाचोरा, रविवार दुपार

तीर्थस्वरूप म्हणावं तर तुम्ही माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, आणि नुसतं प्रिय म्हणायला जीभ रेटत नाही, अशा रतिलालभाऊंना अभिमनचा मनापासून नमस्कार.

इकडे मी आणि कमल मजेत आहोत. ऑपरेशननंतर तुमचा गुडघा आता किती वाकतो? बेबावहिनींनी व्यायामाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलंय म्हणे. पाळत जा. (एकोणीस वर्षं पाचोरा–धुळे गाडीवर तुम्ही कंडक्टर आणि मी ड्रायव्हर होतो, तेव्हा आपण वेळापत्रक किती पाळलं ते वहिनींना सांगू नका.)

पत्र आभाराचं आहे. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही “बरं बरं, जेवण झालं का?” म्हणून विषय बदलता. कागदाला तसं मध्येच तोडता येत नाही.

दिवाळीत तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तुमच्या मयुरीने तिच्या लॅपटॉपवर मला बस चालवायचा खेळ दाखवला. तुम्ही आत झोपला होता. मी दहा मिनिटं गाडी चालवली. भाऊ, डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो, डेपोत टेबलावर बसवलं आणि तिथूनच रिटायर झालो, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यानंतर कोणाच्याही गाडीत बसलो की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत राहायचा, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दहा मिनिटांत तो पाय पहिल्यांदा गप्प बसला.

परत आल्यावर कमलला म्हणालो, “पेन्शनचे कागद, लाईट बिल, सगळं आता घरबसल्या होतं. एक लॅपटॉप घेऊन टाकू.” (साफ खोटं. बिलाच्या रांगेत मला चार माणसं भेटतात, ती रांग मी सोडतो होय?) तिने शिलाईच्या पैशातले थोडे काढले, मी पेन्शनीतले घातले, चाळीस हजारांवर बोली थांबली आणि आम्ही जळगावला गेलो.

दुकानातल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “काका, डेली यूज की गेमिंग?” आता बासष्टाव्या वर्षी, शेजारी बायको उभी असताना, गेमिंग हा शब्द कोणत्या तोंडाने काढायचा? मी म्हणालो, “डेली यूज. लाईट बिल वगैरे भरायला.” त्यांनी पापडासारखा पातळ लॅपटॉप समोर ठेवला. मी उचलून पाहिला, बिजागरी हलवून पाहिली. सलग दोन तास चालवला तर तापतो का, आतला पंखा झेपतो का, सगळं विचारलं. तिथवर ठीक होतं. पण सवय वाईट, तोंडातून निघून गेलं, “आणि चढावर दम तर सोडत नाही ना?”

बाई म्हणाल्या, “काका, लाईट बिल भरायला चढ कुठला?”

गडबडून मी मयुरीला फोन लावला. माझं बोट कुठे लागलं कोण जाणे, स्पीकर सुरू झाला आणि सगळ्या दुकानाला ऐकू गेलं, “काका, त्यांना सरळ सांगा, बसच्या गेमसाठी पाहिजे! वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तर तुमची गाडी स्टँडमधूनच हलणार नाही!”

कमल माझ्याकडे बघत राहिली. मी छताकडे. आता माझी इथेच बिनपाण्याने होणार, असं वाटत असताना ती काउंटरकडे वळली आणि म्हणाली, “यास्ले गाडी चालाडता येई, असा दखाडा.” (घरात आम्ही अहिराणीच बोलतो, पण दुकानात ती कायम पुस्तकी बोलते. त्या दिवशी विसरली.)

गाडी चालवता येईल तसा लॅपटॉप अडुसष्ट हजारांचा निघाला. आम्ही रिकाम्या हाताने बाहेर येऊन उसाचा रस घेतला. कमल एवढंच म्हणाली, “आधी सांगितलं असतं तर?” मी रिकामा ग्लास खाली ठेवला. तिने माझ्यासाठी रसाचा दुसरा ग्लास मागवला.

पुढचं सगळं मयुरीचं. तिच्या रिपेअरिंगच्या दुकानात कॉलेजच्या एका मुलीने दोन वर्षं वापरलेला गेमिंगचा लॅपटॉप विकायला आणला होता. तुमच्या लेकीने तो लगेच माझ्या गळ्यात मारला नाही. चार दिवस चालवून पाहिला, उघडून पंखा साफ केला, रॅम वाढवली. (एका वेळी गाडी किती ओझं ओढते ते रॅमवर ठरतं, असं तिने मला माझ्या भाषेत समजावलं.) वर दोष आधीच सांगितले: वजन जास्त आहे, बॅटरी जेमतेम दीड तास टिकते, तेव्हा प्लग लावूनच खेळा. चाळीसच्या आत बसवला. मजुरीचं पाकीट पुढे केलं तर म्हणाली, “लहानपणी डेपोत उभ्या गाडीचा हॉर्न वाजवू द्यायचे, त्याचे किती घेतले होते?” भाऊ, मी चष्मा पुसायच्या निमित्ताने बाहेर जाऊन आलो.

खेळातल्या गावात लोक रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या हाकतात. मी आपला डावीकडून निघालो. एकतीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही, आणि पहिल्याच दुपारी सहा अपघात! एक बस तर कारंज्यातच घातली. कमल शिलाई मशीन थांबवून ओरडायची, “पुढे बाई उभी शे ना!” आठवडाभरात हात बसला. परवा पूर्ण फेरी एकही धक्का न लागता केली. उतरताना (म्हणजे खुर्चीवरून उठताना) मी गाडीला नमस्कार केला, तसा डेपोत करायचो. कमलने पाहिलं, पण हसली नाही.

तुम्ही असली लेक वाढवलीत, त्याबद्दल तुमचे आणि वहिनींचे आभार कसे मानू? मयुरीला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
अभिमन

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. या खेळात प्रवासी चढतात, दार बंद होतं, पण डबल घंटी कोणी देत नाही. घंटीशिवाय माझ्याने गाडी सुटत नाही, त्यामुळे रोज लेट होतो. मयुरी म्हणते, ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही खोलीबाहेरच येत नाही. आठ दिवस इकडे या. माझ्या शेजारी खुर्ची टाकून ठेवली आहे, पाय लांब करून बसता येईल अशी.

ता. क. (कमलच्या हातचं) भाऊ, घंटी द्यायला मी कधीची तयार आहे. ताटलीवर चमचा दोनदा वाजवूनही पाहिला. हे म्हणतात, “रतिलालभाऊंशिवाय माझा पाय उचलत नाही.” माझ्या दोन ताटल्यांना पोचे पडले आहेत, तेव्हा लवकर या.