ओवीचा व्हॉलीबॉल आणि माझी मध्यस्थी

बर दुबई,
रविवार दुपार

ती. वीणाताईस,

साधनाचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? दाजींचं गोड तू बंद केलंस हे कळलं. ते रोज शेजाऱ्यांकडे चहाला का जातात, याची एकदा चौकशी कर. इकडे सगळे मजेत आहेत, एक ओवी सोडून. आणि त्याला कारण मी.

ओवीच्या कॉलेजनं यंदापासून टीममधल्या मुलांना दरमहा मानधन सुरू केलंय. पंधराशे दिरम, म्हणजे आपले पस्तीस हजार, तेही खेळायचे! (आपल्याला खेळल्याबद्दल फक्त ओरडा मिळायचा. आमच्या साहेबांनी तर लगेच विचारलं, वडिलांची टीम काढणार आहेत का?) अट एकच, सगळे विषय सुटले पाहिजेत. पण पगार म्हटल्यावर पोरगी नोकरीवर निघाल्यासारखी पहाटे प्रॅक्टिसला पळायची आणि घरी येऊन स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकावर गाल टेकून झोपायची. मी घाबरले गं. सोमवारी पेपर आणि आधीच्या गुरुवारी फायनल! म्हणून मॅचच्या तासभर आधी जाऊन कोच अहमदसरांना सांगून टाकलं, खलास, आता हिला खेळवू नका. (ओवी मागून "मॉम, प्लीज! डोन्ट!" करत होती.) मला वाटलं, माणूस वाद घालेल, मी चार वाक्यं जुळवून नेली होती. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "आप माँ हैं मॅडम, आपकी बात हंड्रेड परसेंट." आणि ओवीला खरंच बाकावर बसवलं.

ताई, मला ते बघवेना. ती दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या देत होती, टाळ्या वाजवत होती आणि माझ्याकडे चुकूनही बघत नव्हती. आपली टीम सपाटून मार खात होती. शेवटच्या सेटला माझं मलाच कळलं नाही, मी पायऱ्या उतरून खाली पोचले. (सिक्युरिटीवाल्याला मी कोचची बायको वाटले असावे.) ओरडले, "सर, मैं माँ हूँ, यल्ला, जल्दी भेजो उसको!" अहमदसर शांतपणे म्हणाले, "मॅडम, दो घंटे पहले भी आप ही माँ थीं." पण पाठवलं! काय खेळली म्हणून सांगू! एकेक फटका असा, की समोरच्या मुली चेंडू सोडून डोकं वाचवत होत्या. तरी दोन पॉइंटनं हरलो. टॅक्सीत मी सॉरी म्हणाले. ओवी म्हणाली, "यू आर इम्पॉसिबल, मॉम," आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. सीटबेल्ट रुतत होता, तरी मी घरापर्यंत हलले नाही.

दाजींना नमस्कार. जपून राहा.

तुझी,
साधना

ता. क. : पेपरचा निकाल लागला, स्टॅटिस्टिक्स राहिलं. पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे, तीही गेली तर टीम आणि मानधन दोन्ही बंद. तू तीस वर्षं गणित शिकवलंस. रोज तासभर व्हिडिओ कॉलवर घेशील का तिला? फक्त खेळ सोड म्हणू नकोस.

आणखी एक : पास झाली तर पुढच्या स्पर्धेची पहिली मॅच शारजात आहे. तिकीट आम्ही काढतो, तू येच. टाळ्या वाजवायला नाही, शेजारी बसून मला धरून ठेवायला.