कापड्याच्या पुढचा चढ

पोलादपूर, मंगळवार

प्रिय राजश्री,

आम्ही दोघंही बरे आहोत, हे आधी वाच. फोनवर माझा आवाज ऐकून तू घाबरली असतीस, म्हणून लिहितोय.

काल दुपारी महाबळेश्वरच्या घाटात, कापड्याच्या पुढच्या चढाला दीपेश सायकलवरून कोसळला. ऊन फार होतं आणि आमच्या बाटल्या कधीच रिकाम्या झाल्या होत्या. तुझा भाऊ हाकेला ओ देईना. तेवढ्यात झऱ्यावरून येणाऱ्या सोनाबाई नावाच्या आजींनी डोक्यावरचा भरलेला हंडा त्याच्या अंगावर ओतला.

"आजी, तुमचं सगळं पाणी गेलं!"

"मी जाईन रे परत. तू त्याला सावलीत घे, बघत काय ऱ्हायलास?"

एका जीपवाल्यानं आम्हाला इथल्या दवाखान्यात पोचवलं. सलाईन लागलं. आज त्यानं पेज खाल्ली. डॉक्टर उद्या सोडतो म्हणतात, तरी मला एका जागी बसवत नाही. सारखा त्याच्या कपाळाला हात लावून बघतो.

अप्पांचा गुडघा कसा आहे? आईंना इतक्यात काही सांगू नकोस.

मघाशी मी त्याला पाणी पाजायला पुन्हा उठवलं, तर केवढ्यांदा ओरडला, "दाजी, झोपू द्या की!" मी व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

घराकडे डोळे लावून बसलेला,
बुद्धरत्न