डोळ्यांचा लेयर

४ मार्च
पेणला जायचं तर वाटेतल्या गडब गावच्या ट्रॅफिकमध्येच जीव जातो. विलासकाकांच्या गणपती कारखान्याची वेबसाइट करतेय. पोचले तर म्हणतात, "फोटो कशाला काढायचे? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत की." अहो, तिथे फोटो दाबून बारीक होतो! फोटो म्हणजे ठिपके, पिक्सेल. ठिपकेच गेले तर मोठा केल्यावर फाटणारच. चौथ्यांदा सांगितलं. "मग तू मोठा कर ना." कपाळ माझं!

७ मार्च
फोटो झक्कास आलेत. पण मोठ्या मूर्तीची आखणी बाकी, म्हणजे डोळेच नाहीत. डोळे फक्त काकांची भावजय, सुमनकाकू, काढतात. तीस वर्षं. सगळं रंगकाम संपल्यावर, शेवटी. घाई केलेली चालत नाही. काकांना साइट परवा हवी, परदेशचं गिऱ्हाईक. "कंप्युटरवर काढ तू डोळे."
काढले. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेली काच, त्यावर रंगवायचं, खालचा फोटो जसाच्या तसा. एकच डोळा काढला, कॉपी करून आडवा उलटवला, झाला दुसरा. काकांना बजावलं, हे तात्पुरतं, खरे डोळे झाले की फोटो बदलायचा. "व्हय व्हय, ठाऊक हाय."

१३ मार्च
काय ठाऊक होतं, डोंबल! गिऱ्हाइकाने तीस मूर्ती सांगितल्यात, "फोटोत आहेत तसेच डोळे". काकांनी प्रिंट काढून काकूंच्या पाटासमोर भिंतीला चिकटवली. काकूंना एक शब्द न सांगता. काकूंनी बघितलं, ब्रश धुतले, घरी गेल्या. हे सगळं काका मला फोनवर सांगतात, हसत! मी सरळ फोन आपटला.

१४ मार्च
काकूंच्या घरी गेले. चहा दिला. मग विचारलं, "कोणी काढले गो ते?"
"मी."
"दोन्ही सारखेच हायत. माझ्या हातनं दोन डोळे कधी सारखे आले नाय. म्हणून माझा गणपती बघतो. तुझा नुसता डोळे उघडे ठेवून बसलाय. आता म्या तुझी नक्कल करू?"
काकांचा राग आलाच, पण काढले कोणी? मीच ना.

१५ मार्च
काकांशी कडाक्याचं भांडण. फोटो काढून टाका, गिऱ्हाइकाला खरं कळवा. "ऑर्डर गेली तर तू आणून देणार?" काढलाच मी फोटो साइटवरून, न विचारता. मेलही मीच केला: ते डोळे कंप्युटरवरचे, खरे काकू हाताने काढतात, प्रत्येक मूर्तीचे वेगळे. काकूंना सांगितलं, कळवलंय, उत्तर येऊ दे.
"बघू," म्हणाल्या.

१७ मार्च
उत्तर आलं. खरं सांगितल्याबद्दल आभार. पण घरात सगळ्यांना फोटोतलेच डोळे आवडलेत, तेच द्या. काका खूश. मला संताप संताप, आणि करायचा कोणावर?
आत्ता काकूंचा फोन आला.
"काय लिवलंय गो त्यांनी?"
मेल उघडला, होता तसा वाचून दाखवला.