पाच कडव्यांत अर्धा सूर

६ फेब्रुवारी, गुरुवार

नऊपैकी आठ गाणी झाली. नववं अडलंय. दादाला त्यात गायकवृंद हवा आहे, आणि तोही पप्पा चर्चमध्ये चालवतात तोच. सिंथेसायझरचा चालणार नाही म्हणे. "त्याच अकरा जणांचा!"

अख्खा अल्बम देवाचा आहे. हेवी मेटल, शब्द स्तुतीचे, आणि मध्ये ऊद हे अरबी तंतुवाद्य, हातढोल, एकवीस तारांचं एक आफ्रिकन वाद्य. बँड दादाचा, मिक्सिंग माझं. माझ्या श्रद्धेबद्दल कुणी विचारत नाही. बरं आहे.

दादा चर्चमधला गायकवृंद सोडून इकडे आला, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून पप्पा त्याच्याशी बोलत नाहीत. पप्पांचं म्हणणं, देवाचं नाव असं बोंबलून घेतात का? दादाचं म्हणणं, बायबलमधला दावीद राजा स्तोत्रं काय कुजबुजत होता? निरोप माझ्यामार्फत जातात. मी आवाजाची पातळी कमी करून पोचवते.

"तू सांग ना, चर्चच्या संग्रहासाठी रेकॉर्ड करतेय म्हणून," दादा म्हणाला. सांगितलं. पप्पा लगेच हो म्हणाले. खूश झाले, बहुधा.

९ फेब्रुवारी, रविवार

चार माईक. उपासना चालू असतानाच रेकॉर्ड केलं. पाच कडव्यांचं जुनं गीत, ऑर्गनशिवाय, नुसत्या गळ्यांवर. पप्पा डोळे मिटून हात हलवत होते. मी हेडफोन लावून शेवटच्या बाकामागे. कुठेही कर्कश नाही, गोंगाट नाही. काम झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काम झालेलं नाही. वाद्याची साथ नसली की गळे हळूहळू खाली सरकतात आणि गाणाऱ्यांना पत्ता नसतो. हे पाच कडव्यांत जवळजवळ अर्धा सूर खाली आले आहेत. गिटार जागच्या जागी. तिसऱ्या कडव्यापासून नुसती भांडणं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सॉफ्टवेअरने सगळ्यांना उचलून जागेवर बसवलं. चार तास लागले. चोख. अकरा माणसांची एक बाजाची पेटी झाली.

दादाने ऐकलं. "हे कोण?"

खोडलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आता उलटं करून पाहतोय. गायकवृंद आहे तसा राहील, बाकीच्यांनी खाली यायचं. दर कडव्याला तारा पुन्हा लावायच्या, मी सांगेन तेवढ्या सैल. एकवीस तारांवाल्या पाहुण्याने मनातल्या मनात एकवीस गुणिले पाच केलं आणि मी त्याची किडनी मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

ड्रमरला सगळे रणगाडा म्हणतात. तो म्हणाला, "म्हाताऱ्यांच्या मागे मागे चालायचं? हे मेटल आहे की अंत्ययात्रा?"

दादा — "गप बस आणि काठ्या उचल."

१७ फेब्रुवारी, सोमवार

नववं झालं. पाचव्या कडव्यात सगळं इतकं खाली उतरतं की स्पीकरचा पडदा हलताना दिसतो. दादाने तिथलं स्वतःचं ओरडणं आपणहून काढायला लावलं. चांगलं आहे. असं मी सहसा लिहीत नाही.

मग रणगाड्याने विचारलं, "कव्हरवर गायकवृंदाचं नाव काय छापायचं?"

"छापायचं नाही," दादा म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला — आपण चोरी केलीय. पुढच्या सोमवारी अल्बम छपाईला जायचाय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खोटं मी बोलले होते, तेव्हा सांगायलाही मीच गेले. सगळं सांगितलं आणि गाणं लावलं. पप्पांनी उभ्यानेच ऐकलं. दुसऱ्या कडव्याला त्यांचा उजवा हात हलायला लागला. लक्षात आल्यावर त्यांनी तो खिशात घातला.

"आम्ही खाली येतो?"

"हो. अर्धा सूर."

"तीस वर्षांत कुणी बोललं नाही." मग — "संग्रहासाठी म्हणाली होतीस."

"हो."

"आम्ही तेव्हा प्रार्थना करत होतो, बाळ. रेकॉर्डिंग नाही. काढून टाक."

आवाज चढलाच नाही त्यांचा. चढला असता तर उत्तर देता आलं असतं. आई मला फाटकापर्यंत सोडायला आली. एरवी तिथेच आणखी अर्धा तास बोलते. आज कडी लावून आत गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काढलं. मूळ फाइली, प्रती, सगळं.

"बॅकअप आहे ना?" दादा.

"होता."

"मोठी शहाणी आहेस!" म्हणत त्याने दार आपटलं. म्हणजे आपटायला गेला. ते ध्वनिरोधक दार आहे, सावकाशच मिटतं. तोवर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

अल्बम आठ गाण्यांचा जाईल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा फोन उचलत नाही. पप्पाही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दादा स्टुडिओतून त्याचं सामान न्यायला आला होता. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, खूप. अकराच्या अकरा जण, उपासनेच्या कपड्यांतच. सगळ्यांत मागे पप्पा.

"यांना सगळं सांगितलंय," ते मला म्हणाले. "दोघी नको म्हणत होत्या. त्याही आल्यात."

मग दादाकडे वळले. गिटार अर्धी पिशवीत, अर्धी बाहेर.

"सूर दे."

दादाने दिला.

पहिलं कडवं संपलं तेव्हा माझं लक्ष गेलं — रेकॉर्डचं बटण मी दाबलंच नव्हतं.